खळ घातलेली जाळी

कडककाकांना हे नाव त्यांच्या स्वभावावरून पडलं असावं, असं गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं. जुन्या लोकांना विचाराल तर ते सांगतील, की नाव पडलं ते कॉलरवरून. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला काकांची लाँड्री. तिथून आलेल्या शर्टाची कॉलर अशी, की शर्ट हँगरवरून काढून टेबलावर ठेवला तरी उभाच राहील. बँकेतले साहेब, कोर्टातले वकील, हॉटेलातले वाढपी, सगळ्यांच्या माना काकांनी आयुष्यभर ताठ ठेवल्या. स्वतःचा स्वभाव म्हणाल तर मेणाहून मऊ. फक्त ते कुणाला कळू नये म्हणून भुवया सतत चढवलेल्या असायच्या.

त्या कॉलरचं गुपित खळीत होतं. साध्या कपड्याला शिजवलेली खळ चालते, ती कुणीही घालेल. कॉलरसाठी काका खळ शिजवतच नसत. थंड पाण्यात कालवून, दुधासारखी पांढरी झाली की कापड त्यात बुडवायचं, पिळायचं आणि ओलसर असतानाच वरून सणसणीत तापलेली इस्त्री फिरवायची. मग ती खळ कापडाच्या पोटात शिरून तिथेच शिजते, आणि कॉलर पुठ्ठ्यासारखी होते. ही युक्ती काका कुणालाही सांगायचे, अगदी न विचारता सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि कपडे त्यांच्याकडेच टाकायचे.

काउंटर काकूंकडे. कपडा ओळखू यावा म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालायची तिथली पद्धत, पण काकूंना टाक्याची गरज कधी पडली नाही. शर्ट हातात आला, की 'हा बेकरीवाल्यांचा, डाव्या खिशात पीठ आहे,' असं त्या न वळता सांगायच्या. पांढऱ्या चादरीवरचा पांढरा दोरा त्यांना दारातून दिसायचा. काका इस्त्रीत तरबेज, काकू नजरेत. संसार आणि धंदा दोन्ही अशी कामं वाटून घेऊन चालले होते.

काकूंना एक धाकटा भाऊ होता. तो खडकांवरचे शिंपले काढून विकायचा. एका सकाळी पाणी इतकं नितळ होतं, की तळाचे दगड मोजून घ्यावेत. त्याने टोपलीभर शिंपले काढले, घरी नेऊन उकडले आणि पोटभर खाल्ले. दुपारी तो लाँड्रीत आला तो ओठांवर बोट फिरवत. "ताई, ओठ बधिर झालेत गं, काही कळतच नाहीये," असं म्हणून हसत होता. काकूंनी त्याला काउंटरमागच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ग्लास त्याच्या हातातून निसटला. दवाखान्यात नेईपर्यंत त्याला श्वास घ्यायला जमेना, आणि मग तो थांबलाच.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्यातले काही जीव विषारी असतात आणि कधीकधी एकदम माजतात. शिंपले ते पाण्याबरोबर गिळतात. शिंपल्यांना काही होत नाही, होतं ते खाणाऱ्याला. उकडा, तळा, भाजा, ते विष जात नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "पण पाणी तर स्वच्छ होतं हो." काका शेजारी उभे होते. सगळा जन्म वस्तू स्वच्छ दिसतील अशा करण्यात घालवलेल्या त्या माणसाने काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि दार उघडून धरलं.

त्या भावाचा मुलगा, म्हणजे काकूंचा भाचा, तेव्हा चड्डी सांभाळत धावण्याच्या वयाचा होता. आज तोच त्याच खडकांवर शिंपले काढतो. दुसरं काहीतरी कर म्हणून काकूंनी जंग जंग पछाडलं. "आत्या, मला दुसरं येतं काय?" एवढंच उत्तर. आणि काढलेल्यातले मूठभर शिंपले तो रोज घरी नेतो, स्वतःच्या पोरांसाठी.

म्हणून खाडीपलीकडच्या समुद्र-प्रयोगशाळेने गावातल्या साध्या माणसांना पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात काकूंचा वर गेला. दर आठवड्याला एका ठरलेल्या सकाळी त्या धक्क्याच्या टोकाला जात. हातात जाळी. जाळी म्हणजे मासे धरायची नव्हे. नायलॉनच्या अगदी तलम कापडाची, निमुळती पिशवी, तोंडाशी सुती पट्टीत शिवलेली कडी आणि टोकाला छोटीशी बाटली. ती पाण्यात सोडून ओढली, की पाणी निघून जातं आणि पाण्यातले बारीक जीव बाटलीत जमतात. त्या बाटलीतलं अर्धं पाणी काकू गडद काचेच्या बाटलीत ओतायच्या, त्यात आयोडीनचे थेंब टाकायच्या म्हणजे ते टिकतं, आणि ती बाटली प्रयोगशाळेसाठी कपाटात ठेवायच्या. उरलेल्या अर्ध्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली.

मायक्रोस्कोप दुकानामागच्या खोलीत होता, बटणं लावायच्या टेबलावर. काकू त्यात डोळा घालून बसल्या, की काउंटरवर गिऱ्हाईक घसा खाकरून खाकरून थकायचं. पाण्यातल्या त्या जीवांना शास्त्रातली लांबलचक नावं आहेत. काकूंनी ती पाठ केली आणि मग स्वतःची ठेवली. एक 'होडी', एक 'फणी', एक 'भोवरा'. आणि सगळ्यात वाईट ती 'जोडगोळी'. गोल, कमरेला पट्टा आवळलेली, आणि बहुतेक वेळा एकाला दुसरी चिकटलेली. एखाददुसरी दिसली तर ठीक. वाढू लागल्या की काकू फोन करत, प्रयोगशाळा शिंपले तपासून बघे आणि धक्क्यावर लाल पाटी लागे. पाटी असेपर्यंत कुणी शिंपले काढायचे नाहीत.

कपाटातल्या बाटल्या न्यायला महिन्यातून एकदा प्रयोगशाळेतली एक मुलगी यायची. गल्लीने तिचं नाव 'बाटलीताई' ठेवलं. बिचारी चांगली शिकलेली. पण "काकू, तुमच्या बाटलीताई आल्यात हो!" असं कुणी समोरून ओरडलं, की भर दुकानात काकांना तोंड कुठे लपवावं ते कळायचं नाही.

काकांना या सगळ्याचं कौतुक होतं का? विचाराल तर नव्हतं. "पाण्यात काय बघायचं असतं एवढं? पाणी ते पाणी," असं ते गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. पण त्या ठरलेल्या सकाळी काकू निघायच्या आत त्यांच्या बुटांतली वाळू झाडून ते बूट दारात जोडीने ठेवलेले असायचे. ते कोण ठेवतं, हा विषय घरात कधी निघाला नाही.

मग काकांच्या गुडघ्याने दगा दिला. आयुष्यभर उभं राहून इस्त्री केलेली. गुडघा तरी किती सोसणार? ऑपरेशन झालं आणि कडककाका खुर्चीत येऊन पडले. काकूंनी दुकान सांभाळलं, काकांना उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं, पायाचा व्यायाम करताना त्यांची बोलणी खाल्ली. एकदा तर काका व्यायाम करून घेणाऱ्या काकूंवर इतके तडकले, की काकूंनी इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, "तुमचीच करू का घडी?" तेव्हा कुठे दोघं हसले. काकूंनी त्या दिवसांत एक गोष्ट तेवढी चुकवली नाही, ती धक्क्यावरची सकाळ. परत आल्या की ओली जाळी दोरीवर टाकून त्या धावतच काकांकडे यायच्या.

काका खुर्चीतून त्या जाळीकडे बघायचे. लोंबती, मळकट, खाऱ्या पाण्याचा वास मारणारी. तोंडाची सुती पट्टी तर पार मरगळलेली. आपल्या घरच्या बाईच्या हातात असली वस्तू, आणि तीही लाँड्रीवाल्याच्या! बायकोने जिवापाड केलं, त्याची परतफेड करावी असं त्यांना रोज वाटत होतं. तोंडाने चार गोड शब्द बोलले असते तर काम झालं असतं, पण काकांना ती भाषा येत नव्हती. त्यांना येत होती ती एकच, कपड्यांची.

एका दुपारी काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. काका काठी टेकत उठले. जाळी काढली, साबणाने धुतली, स्वच्छ पाण्यातून काढली. मग आपल्या हातची खास कॉलरची खळ थंड पाण्यात कालवली, जाळी तीत बुडवली आणि अलगद पिळली. नायलॉन तापलं तर वितळतं, हे त्यांना कोण शिकवणार? इस्त्री त्यांनी अगदी कोमट ठेवली, वर पातळ कापड घातलं आणि पायातली कळ सोसत ती जाळी अशी काही बनवली, की दोरीवर अडकवल्यावर ती सरळ उभी राहिली. काका खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. कित्येक दिवसांनी त्यांना माणसात आल्यासारखं वाटलं.

काकू परतल्या. जाळी स्वच्छ दिसली तशा म्हणाल्या, "अगबाई, धुतलीत? कशाला उठलात?" पण त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या जाळीला हातही न लावता आत निघून गेल्या.

पुढच्या ठरलेल्या सकाळी, धुतल्यामुळे जाळी ताठ झाली असेल असं समजून, काकूंनी तीच नेऊन पाणी आणलं, थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि डोळा लावला. गोल गोल दाणे, जिकडेतिकडे. जोडगोळीएवढेच. काही तर एकमेकांना चिकटलेले. पट्टा मात्र एकाच्याही कमरेला दिसेना. पट्टा नाहीच, की आहे आणि आपल्याला दिसत नाही? काकूंनी चष्मा पुसला, काच पुसली, दिवा सरकवला. शेवटी घाबरून फोन लावला. लाल पाटी लागली. प्रयोगशाळेची माणसं स्वतःची जाळी घेऊन आली, त्यांनी पाणी घेतलं, शिंपले नेले, तपासले. कशातच काही नव्हतं.

"असं होतं कधीतरी, काकू," बाटलीताई फोनवर म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पाटी उतरली. तेवढ्या दिवसांत भाच्याच्या घरी चूल कशी पेटली ते काकूंना ठाऊक होतं. तो काही भांडला नाही. नुसता दारात येऊन म्हणाला, "आत्या, एकदा डोळे नीट दाखवून घे गं." भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यातही दाणे होते. त्याच्याही पुढच्या. काकूंनी फोन केला नाही, आणि मग सबंध आठवडा भाच्याच्या घरून निरोप तर येणार नाही ना, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला. फोन केला तर पोरांच्या तोंडचा घास जातो, न करावा तर पोरंच. चहा पुढ्यात थंड होऊन जायचा. काकांनी विचारलं तर "काही नाही हो." अखेर एक दिवस काकूंनी प्रयोगशाळेत कळवून टाकलं, की मायक्रोस्कोप घेऊन जा आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या. बेकरीवाला तयार होता. फोन ठेवून त्या काकांना म्हणाल्या, "सोडलं मी. डोळे राहिले नाहीत."

आणि इथे कडककाकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खरी आहे. त्यांना वाईट वाटलं, पण त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं. आता सकाळी ही घरी असेल. दोघं मिळून चहा घेऊ. ते मनातल्या मनात इतके पुढे गेले, की खिडकीपाशी दोन खुर्च्या कशा मांडायच्या तेही त्यांनी ठरवून टाकलं.

बाटलीताई मायक्रोस्कोप न्यायला आली त्या सकाळी काकूंनी शेवटचं पाणी आणलं होतं. "निदान ही बाटली भरून देते," म्हणत त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काका पाय स्टुलावर ठेवून कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होते. मधोमध ती जाळी पडलेली. काकूंनी ड्रॉपरने आयोडीन टाकायला घेतलं, ड्रॉपर तिरका धरला गेला आणि एक थेंब बाटलीत न पडता जाळीच्या पांढऱ्या सुती पट्टीवर पडला. त्यांचं लक्षही नव्हतं. बूच लावून त्या मायक्रोस्कोपची पेटी आणायला वळल्या.

लक्ष गेलं ते काकांचं. डाग पडला आणि लाँड्रीवाल्याचं लक्ष गेलं नाही, असं कधी झालंय? आयोडीनचा डाग तपकिरी पडतो. हा निळा पडला. बघता बघता शाईसारखा काळा-निळा झाला. कित्येक वर्षं काकांनी दवाखान्याच्या चादरी धुतल्या होत्या. नुसत्या चादरीवर आयोडीन तपकिरी पडतं आणि खळ घातलेल्या चादरीवर निळं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. खळ. आपणच घातलेली. तीही कच्ची, आणि इस्त्री कोमट ठेवलेली, म्हणजे ती शिजलीच नाही. कच्च्या खळीचे दाणे जाळीच्या त्या बारीक भोकांतून दर आठवड्याला थोडे थोडे बाटलीत उतरत होते. हिने पाहिलेले गोल दाणे ते हेच. म्हणजे हिचे डोळे...

काकांनी त्या डागावर अंगठा ठेवला.

समोर बाटलीताई पेटीत कापूस भरत होती. काकू मायक्रोस्कोपवरचं कापडी आवरण काढून त्याची घडी घालत होत्या, एक, दोन, कडा जुळवून, जशी हजारदा दुकानात घातली तशी. अंगठ्याखाली डाग झाकलेला होता. जुनी जाळी टाकून दिली असती, बेकरीवाल्याला नवी मिळाली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. खिडकीपाशी दोन खुर्च्या. आणि उघड झालं तर? भाच्याच्या घरची चूल विझवणारी ती लाल पाटी, तीही आपल्याच नावावर. काकांनी अंगठा तसाच दाबून धरला.

"नव्या माणसाला एवढं सांग," काकू बाटलीताईला म्हणत होत्या, आवाज शक्य तितका सरळ ठेवून, "जोडगोळी घाईत दिसत नाही. थांबावं लागतं. थोडं थांबलं, की ती पट्टा दाखवते. माझा भाचा तिथूनच काढतो शिंपले. त्याची पोरं लहान आहेत."

काकांनी अंगठा उचलला.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "डाग पडलाय."

"असू दे हो. आता कुठे धुत बसता?"

"असू दे नाही. बघ नीट. आयोडीनचा आहे आणि निळा आहे." मग एका दमात, भुवया होत्या त्याहून वर चढवून, ते बोलून गेले. "जाळीला मी खळ घातली होती. कॉलरची. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेलीस तेव्हा. तुला काहीतरी चांगलं करून द्यावं म्हणून. तुझे डोळे ठीक आहेत. ते दाणे माझे आहेत."

पहिली हलली ती बाटलीताई. तिने पेटीतला मायक्रोस्कोप परत टेबलावर ठेवला, कपाटातली एक गडद बाटली काढली, थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. "निळे!" ती ओरडली. "सगळे दाणे निळे! काका, तुम्ही समुद्राला खळ घातलीत!" आणि ती पोट धरून हसत सुटली. किनाऱ्यावरची किती माणसं पाणी तपासत होती, कुणी जाळी फाडली होती, कुणी हरवली होती, पण जाळीला खळ घालून इस्त्री करणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग उठून मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. बाटलीताईचं हसू मावळलं. "मी येते नंतर," म्हणून ती गेली. मायक्रोस्कोप मात्र तिने नेला नाही.

बटणाचा शर्ट हातात तसाच घेऊन काका काठी टेकत मागच्या दाराशी आले. गुडघा वाकत नव्हता, म्हणून पायरीवर बसता येईना. ते चौकटीला धरून उभेच राहिले.

"मला वाटलं, आंधळी झाले मी," काकू समोर बघत म्हणाल्या. "वाटलं, माझ्यासमोरून जाईल आणि मला दिसणार नाही. पुन्हा."

"पुन्हा काय? तेव्हा तुला कुठे काय माहीत होतं?"

"स्टुलावर मीच बसवलं ना त्याला. पाणी देत बसले. तेव्हाच उचलून नेला असता तर..."

इतक्या वर्षांत हे वाक्य घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. काकांना एकदम कळलं, की दर आठवड्याला ही बाई धक्क्यावर कशासाठी जाते, आणि आपण अंगठ्याखाली काय झाकून बसलो होतो.

"मला विचारायचं तरी," काकू म्हणाल्या.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"आणि अजून एक," काका म्हणाले. कडक माणसाचा आवाज पार चुरगळला होता. "तू सोडलंस म्हणालीस ना, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. सकाळी घरी असशील म्हणून."

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "ते मला तेव्हाच कळलं. तुमचं तोंड काय लपतंय? गिऱ्हाइकांना फसवा भुवया चढवून." मग त्यांनी पदर नाही, बाही नाही, सरळ काकांच्या हातातला तो बटण लावायचा शर्ट घेतला आणि त्याने डोळे पुसले. शर्ट वकिलांचा होता. तरी काकांनी त्याची दुसरी बाहीही पुढे केली.

भाच्याला सांगायला काका स्वतः गेले, काठी घेऊन, उतार उतरून. काय बोलणं झालं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर भाच्याचे कपडे लाँड्रीत येऊ लागले एवढं खरं, आणि शिंपले काढायच्या कपड्यांना इस्त्री करून घेणारा तो जगातला एकटाच माणूस असावा.

नवी जाळी आली. तिच्याबरोबर सगळ्या किनाऱ्यावर वाटलेला सूचनांचा नवा कागदही आला. 'जाळी साध्या पाण्याने धुवावी' याच्याखाली एक ओळ वाढली होती, 'जाळीला खळ घालू नये, इस्त्री करू नये.' ही सूचना कशासाठी, ते किनाऱ्यावरच्या इतर लोकांना कधीच कळलं नाही. काकूंनी तो कागद इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला, काकांच्या बरोबर नाकासमोर.

मोतीबिंदू खराच होता, तो पुढे पिकला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काकूंना वाकायला, डोळ्यांना ताण द्यायला डॉक्टरांनी मनाई केली. ठरलेली सकाळ आली तशी काकूंची चुळबुळ सुरू झाली. काका काही न बोलता बूट घालून धक्क्यावर गेले, जाळी ओढून पाणी घेऊन आले आणि मायक्रोस्कोपसमोर बसले. "सांग, काय बघू?"

"तुम्ही दिसेल ते सांगा. मी ओळखते."

डोळ्यावर पट्टी बांधून काकू खुर्चीत मागे टेकून बसल्या, आणि काका आपल्या भाषेत सांगू लागले. "एक लांबट आहे, गुंडीच्या काजासारखं."

"होडी. सोडा."

"हे दात्यादात्यांचं आहे. चेन फाटल्यासारखं."

"फणी. पुढे."

"एक गोल आहे. मधोमध करकचून पट्टा आवळल्यासारखी शिवण आहे. त्याला दुसरं चिकटलंय, अगदी तस्संच." काका थांबले. "आणखी आहेत गं. बरेच आहेत."

"खळ नाही ना?"

"खळीला शिवण नसते," काका म्हणाले. "आणि हे हलतंय."

काकूंनी न बघता हात लांब करून फोन घेतला.

लाल पाटी लागायला दुपार झाली. पण भाच्याला काकूंनी सकाळीच, तो खडकांवर असतानाच, निरोप पाठवला होता. काका काकूंच्या खुर्चीजवळच्या खिडकीत उभे होते. पाणी नितळ होतं, धक्क्याच्या पायऱ्या तळापर्यंत दिसत होत्या. भाचा खडकांवरून भरलेली टोपली घेऊन आला, धक्क्याच्या कडेला थांबला. त्याने एकदा लाँड्रीच्या दिशेने पाहिलं. मग टोपली उलटी केली आणि झटकली.

"काय केलं त्याने?" काकूंनी खुर्चीतून विचारलं.

"ओतले," काका म्हणाले. "सगळे."

काकूंनी मान हलवली. काकांनी दुसरी खुर्ची ओढून खिडकीपाशी आणली, काकूंच्या शेजारी ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.